माघारीचे सेकंद

१

त्या मे महिन्यात बेबीनंदाचा दिवस ठरून गेला होता. साडेआठला नवीन जालन्यातल्या घरून निघायचं, स्टेशनसमोर ऑटो धरायचा आणि नऊच्या आत मंठा रोडवरच्या बियाणे केंद्रात पोचायचं. केंद्राच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. भिंतीला टेकून टेबल, टेबलावर झाकण काढलेला कॉम्प्युटर, आणि त्याच भिंतीपलीकडे कोल्ड रूम. तिथं जुन्या वाणांचं बी डब्यांत बंद करून शून्याच्या खाली ठेवलेलं असे. कोल्ड रूमचं यंत्र दिवसभर घुमायचं. पहिले दोन दिवस त्या आवाजानं तिचं डोकं दुखलं, मग तो आवाज तिला ऐकू येईनासा झाला.

साल २००२. लग्नाआधी बेबीनंदानं पुण्यात तीन वर्षं ड्रायव्हर लिहायचं काम केलं होतं. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा तो भाग, जो डिस्कशी किंवा प्रिंटरशी त्यांच्या भाषेत बोलतो. नवरा, साहेबराव, जालन्याच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर ती इकडे आली, आणि असलं काम इथं कोण देणार म्हणून दोन वर्षं घरी शिकवण्या घेत बसली. केंद्रातून निरोप आला तेव्हा ती दुसऱ्याच दिवशी हजर झाली.

काम असं होतं. केंद्रात १९८७ सालची एक डिस्क होती, विटेएवढी जड. त्या काळी धुळाजी नावाचा एक माणूस तिथं नोंदी लिहायचा. प्रत्येक वाणाची उगवण, दाण्याचं वजन, सगळं त्यानं त्या डिस्कमध्ये भरलं होतं. नव्वद साली तो वारला. त्याचा कॉम्प्युटर मोडीत गेला, डिस्क तेवढी कपाटात राहिली. आताचा ड्रायव्हर कुठल्याही डिस्कला आधी ‘तू कोण’ असं विचारतो. ही डिस्क त्या प्रश्नाच्याही आधीची. तिला जुन्या चारदोन आज्ञाच कळायच्या: अमुक ट्रॅकवर, म्हणजे डिस्कवरच्या अमुक वर्तुळावर जा, वाच, शून्यावर माघारी ये. त्या आज्ञा ड्रायव्हरमधून कधीच काढून टाकलेल्या होत्या. बेबीनंदाला त्या पुन्हा लिहून बसवायच्या होत्या.

खोलीची चावी कडूबाकडे असायची. तो तिथला सगळ्यात जुना माणूस, तीस वर्षं ओल्या कागदावर बी ठेवून उगवलेले कोंब मोजत आलेला. जूनअखेरीस तो रिटायर होणार होता. सकाळी तो खोली उघडून देई, पंखा तिच्याकडे वळवी आणि दाराशी स्टूल टाकून बसून राही. त्याला तिथं काही काम नव्हतं. तरी तो बसायचा, आणि दिवसातून दोनदा विचारायचा की ताई, वाचता आलं का.

२

पहिली आज्ञा तिनं लिहिली ती माघारीची. डिस्कच्या आत वाचणारं एक टोक असतं, ते एकेक ट्रॅक सरकत जातं. माघारीची आज्ञा दिली की ते जिथं असेल तिथून शून्याकडे निघतं, आणि पोचलं की डिस्क तसं कळवते. या डिस्कवर सहाशे पंधरा ट्रॅक होते. बेबीनंदानं चाल सगळ्यात सावकाश ठेवली, कारण म्हातारी डिस्क, उगीच धसमुसळेपणा नको. त्या चालीनं अगदी शेवटच्या ट्रॅकवरून यायलाही पावणेपाच सेकंद पुरे होते. त्याहून जास्त लागायचं कारण नव्हतं, कारण त्याच्या पलीकडे डिस्कच नव्हती.

मंगळवारी अकराच्या सुमाराला तिनं आज्ञा सोडली. फणीच्या दातांवरून नख ओढावं तसा आवाज आला, बराच वेळ आला, आणि थांबला. पडद्यावर आकडा उमटला: अकरा पूर्णांक दोन सेकंद.

वेळ मोजण्यात आपण चूक केली असं तिला वाटलं. तिनं ते चार ओळींचं गणित पुन्हा तपासलं. चूक सापडली नाही. मग तिनं मनगटावरचं घड्याळ काढून कीबोर्डशेजारी ठेवलं आणि आज्ञा परत सोडली. टोक शून्यावरच उभं होतं, म्हणजे लगेच उत्तर यायला हवं होतं. पण खरखर सुरू झाली ती चालूच राहिली. घड्याळात एकोणतीस सेकंद झाले, पडद्यावरही एकोणतीस.

दाराशी कडूबा कोल्ड रूमच्या भिंतीकडे बघत बसला होता. तिनं मान वळवून पाहिल्यावर त्यानं नजर खाली घेतली.

३

पुढचे दोन दिवस ती कारणं शोधत राहिली आणि कारणं सापडतही गेली, पण एकही टिकलं नाही. मोटर पावलं चुकवत असेल, असं वाटलं. तसं असेल तर आकडा दर वेळी वेगळा यायला हवा, कधी कमी, कधी जास्त. इथं तो फक्त वाढत होता. चौऱ्याहत्तर सेकंद. मग दोन मिनिटं. मोटरीचा दांडा डिस्कच्या बाहेरून दिसायचा. तिनं त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवली. आत लोखंडी अडसर असतो, त्यामुळे तो दांडा एका दिशेनं पुरतं एक वळणही फिरू शकत नाही. तिनं आज्ञा दिली. पट्टी फिरायला लागली आणि एकाच दिशेनं गरगर फिरत राहिली. मोटर थांबल्यावर तिनं दांडा बोटानं हलकेच फिरवून पाहिला. अडसर जिथं असायला हवा होता तिथं होता. पट्टी त्याच्यातून जात होती म्हणावं, तर तसंही दिसत नव्हतं.

घरी जेवताना तिनं साहेबरावांना सांगितलं की जुन्या डिस्कचं काही खरं नाही, मनासारखं मोजू देत नाही. साहेबराव पेपर तपासत होते. ते म्हणाले, मग सोडून दे. ती म्हणाली, सोडायला काय, आता तर कुठं बोलायला लागलीय. बोलून झाल्यावर तिलाच ते शब्द आवडले नाहीत.

शुक्रवारी तिनं कागद घेतला आणि साधा हिशेब मांडला. सहाशे पंधरा ट्रॅक साडेचार सेंटिमीटरांत बसवलेले. त्यांना वेळ लागतो साडेचार-पावणेपाच सेकंद. म्हणजे ते टोक एका सेकंदाला एक सेंटिमीटर चालतं. अकरा सेकंद म्हणजे अकरा सेंटिमीटर, डिस्कच्या कडेबाहेर. दोन मिनिटं म्हणजे टेबलाच्या टोकापर्यंत. तिनं टेबलाच्या त्या टोकाकडे पाहिलं. तिथं तिचा डबा ठेवलेला होता. तो तिनं उचलून मांडीवर घेतला, मग आपण काय करतोय हे कळून पुन्हा होता तिथं ठेवला.

कडूबाला तिनं सहज म्हणून विचारलं की धुळाजींच्या वेळी ही डिस्क नीट चालायची का. त्यानं स्टूल जरा पुढं ओढलं. मग म्हणाला, “चालायची बराबर. धुळाजी येकच म्हणायचा, ही जाती जल्दी, पन माघारी यायला लै उशीर लावती.”

४

वाचायची आज्ञा मात्र पहिल्याच फटक्यात चालली. धुळाजीच्या नोंदी एकामागून एक पडद्यावर आल्या. रोमन अक्षरांतली मराठी, नीटस, एकही चूक नाही. प्रत्येक नोंदीच्या शेवटी पुढची नोंद कुठल्या ट्रॅकवर आहे तो आकडा असे. बेबीनंदा त्या आकड्यांच्या मागं मागं गेली आणि दोन दिवसांत डिस्क जवळजवळ उतरवून झाली. शेवटची नोंद अर्ध्यावर तुटलेली होती. तिच्याखाली आकडा होता: चोपन्न हजार.

तिनं तो बिघडलेला आकडा म्हणून सोडून दिला आणि कडूबाला सांगितलं की काम संपलं, एक नोंद तेवढी अर्धी आहे, तिचा उरलेला भाग गेला. कुठली नोंद म्हणून त्यानं विचारलं. तिनं वाणाचा नंबर वाचून दाखवला. तो स्टुलावरून उठला, दार लोटून घेतलं आणि पहिल्यांदाच तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

मग त्यानं सांगितलं. फेब्रुवारीत कोल्ड रूमचं यंत्र दोन दिवस बंद पडलं होतं. सगळीकडे पाणी सुटलं आणि दोन डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून खाली पडल्या. कपाशीच्या एका संकराचे नर आणि मादी वाण, सारख्या डब्यांतले. त्यानं अंदाजानं चिठ्ठ्या परत लावल्या आणि कोणालाच काही बोलला नाही. जूनमध्ये तेच बी पेरायला जाणार होतं. चिठ्ठ्या उलट लागलेल्या असतील तर यंदाचा सगळा प्लॉट वाया, आणि ज्यांच्या शेतात तो घेतात त्यांचा हंगाम वाया. दोन वाणांचा फरक डोळ्यांना दिसत नाही. शंभर दाण्यांच्या वजनात तेवढा दिसतो, आणि ते वजन धुळाजीनं लिहून ठेवलं होतं.

“तीस वरसं झाले ताई,” कडूबा म्हणाला, “येक दाना म्या चुकीचा मोजला न्हाई. जाताना हे नगं.”

बेबीनंदा म्हणाली की मामा, तो ट्रॅक या डिस्कवर नाही.

“ठावं हाय,” तो म्हणाला.

तिनं मनातल्या मनात भागाकार केला. चोपन्न हजार ट्रॅक म्हणजे पावणेसात मिनिटं. म्हणजे चार मीटर. कडूबाकडे शेतातल्या ओळी मोजायची टेप होती. तिनं ती मागितली नाही. चार मीटर कुठं जातात ते तिला बसल्या जागी दिसत होतं. भिंतीच्या पलीकडे, डब्यांच्या मांडणीपाशी.

५

सोमवारी दुपारी बाराला तिनं आज्ञा सोडली. ट्रॅक चोपन्न हजार, वाच. खरखर सुरू झाली. आधी ती टेबलावर होती. मग टेबलाच्या टोकाला ऐकू यायला लागली, मग भिंतीत, आणि मग कोल्ड रूमच्या घुमण्यात मिसळून गेली. डिस्क समोर होती आणि तिच्यावरची कागदाची पट्टी फिरत होती, पण तिच्यातून आवाज येत नव्हता.

पावणेसात मिनिटांनी पडद्यावर नोंदीचा उरलेला भाग आला. मादी वाण, शंभर दाणे, सात पूर्णांक नऊ ग्रॅम. नर वाण, सहा पूर्णांक दोन. कडूबानं ते आकडे तळहातावर पेनानं लिहून घेतले. नोंदीखाली आणखी एक आकडा होता, पुढच्या ट्रॅकचा. बेबीनंदानं तो वाचला नाही. तिनं डोळे आकड्यावरून काढले आणि माघारीची आज्ञा सोडली.

कडूबा वजन करायला बी आणायला निघाला होता. त्याला एकट्याला तिथं जाऊ द्यायला तिचं मन होईना, म्हणून तीही मागून गेली. कोल्ड रूमचं जाड दार उघडताच थंडीची लाट अंगावर आली. आत एकच दिवा. भिंतीवर बोटभर जाडीचा पांढरा बर्फ धरलेला. मांडणीपाशी जाऊन कडूबा थबकला.

बर्फात एक रेघ होती. केसाएवढी बारीक, सरळ, पट्टीनं ओढल्यासारखी. मांडणीच्या मागून निघून ती टेबलाच्या खोलीकडे चालली होती. चालली होती म्हणजे खरंच. तिचं टोक पुढं सरकत होतं, नखानं कुणी सावकाश ओढत न्यावं तसं, आणि टोकापाशी बर्फाचा बारीक चुरा गळत होता. आवाज तोच होता, फणीच्या दातांचा.

बेबीनंदाच्या मनात आलं की भिंतीला तडा जातोय. यंत्राच्या हादऱ्यानं तडा जातो, त्यात काय नवल. तेवढ्यात कडूबानं हात पुढं केला. माणूस भिंतीवरची मुंगी अडवतो तसा त्यानं तळवा रेघेच्या वाटेत टेकवला.

रेघ तळव्यापाशी येऊन थांबली. आवाज थांबला. यंत्राचं घुमणंसुद्धा तिला ऐकू येईना. कडूबा भिंतीकडे बघत नव्हता. भिंतीतून पलीकडे लांबवर काहीतरी दिसावं तसे त्याचे डोळे बारीक झाले होते. ओठ हलत होते. बेबीनंदानं त्याचं मनगट धरलं आणि हात ओढून काढला. त्या ओढाओढीत तिचीही बोटं रेघेला लागली. लागली ती फक्त थंड.

खरखर पुन्हा सुरू झाली आणि रेघ पुढं गेली.

टेबलापाशी येऊन तिनं पाहिलं. जायला सहा मिनिटं पंचेचाळीस सेकंद लागले होते. माघारीला सहा मिनिटं एक्कावन्न. जास्तीचे सहा सेकंद कुठं गेले ते तिला माहीत होतं.

६

वजनं जुळली. चिठ्ठ्या खरंच उलट लागल्या होत्या. कडूबानं त्या बदलल्या, बेबीनंदानं सगळ्या नोंदी सीडीवर उतरवून दिल्या आणि डिस्क पुन्हा कपाटात गेली. ड्रायव्हरमध्ये घातलेल्या आज्ञा तिनं एकेक करून पुसून टाकल्या. केंद्राच्या साहेबांनी तिचं काम वाखाणलं, आणखी काम देऊ म्हणाले. कडूबाच्या तळव्यावर पेनाच्या आकड्यांवरून एक पांढरी रेघ गेली होती. रक्त नाही, आग नाही. तो म्हणाला, काही न्हाई, थंडीनं कातडं फाटलं.

निघताना तिनं त्याला विचारलं की मामा, चहा घेणार का. तो तिच्याकडे बघत राहिला. तिनं पर्स उचलली, चपला घातल्या, ऑटोवाल्याला हाक मारली. तेव्हा तो म्हणाला, “घेऊ की.” म्हाताऱ्या माणसाचं असंच, असं तिनं मनाला सांगितलं. पण मनातल्या मनात तिनं मोजलेलं होतं. अकरा सेकंद.

जूनअखेरीस केंद्रात कडूबाच्या निरोपाचा छोटा कार्यक्रम झाला. तिलाही बोलावलं होतं. साहेबांनी त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उभा राहिला आणि उभाच राहिला. एक मिनिट गेलं, दोन गेली. कोणीतरी म्हणालं, मामांना भरून आलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवून त्याला खाली बसवलं. वीसेक मिनिटांनी लोक पत्रावळींवर जेवत असताना तो खुर्चीतून उठला आणि रिकाम्या हॉलकडे तोंड करून म्हणाला, मला इथं सगळ्यांनी लै जीव लावला. फार नीट बोलला तो. सगळं ऐकणारी बेबीनंदा एकटीच होती, आणि तिच्या हातातला घास हातातच राहिला.

७

ऑगस्टमध्ये ती त्याला भेटायला त्याच्या गावी, कुंभार पिंपळगावला गेली. जायचं की नाही यात तिचा महिना गेला होता. ओसरीवर कडूबा भिंतीला टेकून बसला होता, तब्येतीनं चांगला, दाढी केलेली. त्याची बायको आसराबाई त्याच्या शेजारी बसून शेंगा फोडत होती. तिनं सांगितलं की जालन्याला, संभाजीनगरला दाखवून झालं, डोक्याचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही.

“आंधी सकाळी इचारलेलं सांजच्याला सांगायचे,” ती म्हणाली. “मंग दुसऱ्या दिशी. आता आठ आठ रोज लागतेत. सांगतेत पन बराबर. म्या काय इचारलं ते मलाच ध्यानात ऱ्हात न्हाई, त्यान्ला ऱ्हातं.”

मग शेंगा बाजूला सारून तिनं हळूच विचारलं की ताई, हे कुठं जातेत.

बेबीनंदा जागेवरून उठली. ती कडूबाच्या समोर बसली. त्याची उजवी मूठ अर्धवट मिटलेली होती. डोळे तिच्यावर होते, पण दारातून माणूस रस्ता पाहतो तसे. सांत्वनाचं काही बोलावं असं तिच्या मनात होतं. तोंडून निघालं ते एवढंच, “मामा, मला ओळखलं का?”

तो बोलला नाही. ती शेवटच्या बसपर्यंत थांबली आणि निघाली.

तिनं कॅलेंडरवर खूण वगैरे काही केली नाही. तरी रोज सकाळी उठल्यावर कितवा दिवस ते तिला आपोआप कळायचं. दहा झाले, पंधरा झाले. एका सेकंदाला एक सेंटिमीटर, दिवसाला किती, हा गुणाकार तिनं केला नाही. एकोणिसाव्या दिवशी दुपारी तीनला घरातला फोन वाजला. पिंपळगावच्या एसटीडी बूथवरून आसराबाई बोलत होती, मागं कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. साहेबराव नुकतेच कॉलेजातून येऊन पायातले बूट काढत होते.

“आज बोलले,” आसराबाई म्हणाली. “तुमी इचारलं व्हतं ना, वळखलं का म्हून.”

“काय म्हणाले?”

“म्हनले, वळखलं की. बेबीनंदा. ही काय, माझ्या म्होरंच चालून राह्यली.”

ट्रॅक्टरचा आवाज येत राहिला. मग पैसे संपल्यासारखा फोन तुटला. साहेबरावांनी विचारलं, कोणाचा फोन. बेबीनंदानं रिसीव्हर जागेवर ठेवला आणि वळून म्हणाली, “पिंपळगावचा. आसराबाईंचा.”

साहेबराव तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. त्यांच्या अंगावर घरातले कपडे होते. खोलीत ट्यूबलाइट लागलेली होती, खिडकीबाहेर अंधार पडला होता, आणि तिच्या शेजारी स्टुलावर एक ताट झाकून ठेवलेलं होतं. साहेबरावांनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता. कधीपासून, ते तिला ठाऊक नव्हतं. ते काहीतरी विचारत होते. तिनं लगेच उत्तर द्यायला तोंड उघडलं.